‘रिस्क सॅव्ही’: टक्के समजले, पण समोर कोण आहे?

गेर्ड गिगेरेंझर यांचं ‘रिस्क सॅव्ही’ हे पुस्तक २०१४ साली इंग्रजीत आलं. जर्मनमध्ये ते त्याआधी एक वर्ष निघालं होतं. गिगेरेंझर मानसशास्त्रज्ञ आहेत. बर्लिनच्या माक्स प्लांक मानवविकास संस्थेत त्यांनी दोन दशकं एका विभागाचं संचालकपद सांभाळलं. माणसं निर्णय कसे घेतात आणि आकडे कसे समजून घेतात, हा त्यांचा आयुष्यभराचा विषय. हे पुस्तक त्या कामाचा सामान्य वाचकांसाठी काढलेला अर्क आहे.

संशोधनाच्या तयारीत असाल तर ते वाचावं का? माझं उत्तर ‘हो’ आहे. पण दुसऱ्या वाचनाला पेन्सिल घेऊन बसा. पुस्तक जे शिकवतं ते आपल्याकडे एम.एस्सी.च्या सांख्यिकीच्या पेपरातही धड शिकवत नाहीत. मात्र ते जिथे थांबतं, तिथून पैशाच्या आणि धंद्याच्या जोखमीचा खरा अवघड भाग सुरू होतो. या पोस्टमध्ये आधी त्याचं बळ बघू, मग दावे तपासू आणि शेवटी माझा मुख्य आक्षेप मांडतो.

पुस्तकाचा मूळ मुद्दा

डॅनियल काहनेमान आणि आमोस ट्वर्स्की यांच्या संशोधनानंतर एक समज पक्का झाला: माणसाचं डोकं जोखमीच्या बाबतीत पद्धतशीर चुका करतं. त्यातून पुढे असा विचार आला की माणसाला शिकवत बसण्यापेक्षा त्याला हळूच योग्य दिशेला ढकलावं. रिचर्ड थेलर आणि कास सनस्टीन यांचं २००८ मधलं ‘नज’ हे पुस्तक त्याच विचाराचं. गिगेरेंझर यांना हे मान्य नाही. त्यांचं म्हणणं साधं आहे: लोक मठ्ठ नाहीत, त्यांना आकडे वाईट पद्धतीने सांगितले जातात. नीट सांगा, शाळेपासून शिकवा, मग लोक आपापले निर्णय घेतील.

याला त्यांनी दिलेलं सर्वांत गाजलेलं उदाहरण ब्रिटनमधलं आहे. ऑक्टोबर १९९५ मध्ये तिथल्या औषधसुरक्षा समितीने इशारा दिला की तिसऱ्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताच्या गाठी होण्याची जोखीम दुपटीने, म्हणजे १०० टक्क्यांनी वाढते. बातमी पसरली आणि अनेक स्त्रियांनी गोळ्या बंद केल्या. मुळातला आकडा असा होता: आधीच्या गोळ्या घेणाऱ्या ७,००० स्त्रियांमागे एकीला हा त्रास व्हायचा, नव्या गोळ्यांमुळे दोघींना. वाढ ७,००० मागे एक. पण ‘१०० टक्के’ या शब्दांनी जो घोळ घातला, त्यानंतरच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात जास्त झाले असा अंदाज आहे. यातली कडू गोष्ट अशी की गरोदरपणात आणि गर्भपातात रक्ताच्या गाठींची जोखीम त्या गोळीपेक्षा जास्त असते.

म्हणून पहिला धडा: कुठलाही टक्का दिसला की विचारा, ‘कशाचे टक्के?’ सापेक्ष वाढ आणि प्रत्यक्ष वाढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पेपरात ‘जोखीम ५० टक्क्यांनी घटली’ असं वाचलंत की तो निबंध उघडून मूळ आकडा शोधायचा. १०० वरून ५० वर आली की २ वरून १ वर? हा एक प्रश्न विचारायची सवय लागली तरी पुस्तकाची किंमत वसूल झाली.

दुसरा धडा तपासण्यांचा. समजा, एका वयोगटातल्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण १ टक्का आहे. कर्करोग असेल तर मॅमोग्राफी ९० टक्के वेळा तो दाखवते. नसेल तरी ९ टक्के वेळा चुकून ‘आहे’ म्हणते. एखादीची चाचणी पॉझिटिव्ह आली, तर तिला कर्करोग असण्याची शक्यता किती? बहुतेकांच्या तोंडून ‘९० टक्के’ असं येतं. आता हेच माणसं मोजून सांगतो. १,००० स्त्रिया घ्या. त्यांतल्या १० जणींना कर्करोग आहे. त्यांपैकी ९ पॉझिटिव्ह येतील. उरलेल्या ९९० पैकी सुमारे ८९ जणी चुकून पॉझिटिव्ह येतील. एकूण पॉझिटिव्ह ९८, त्यात खरा कर्करोग ९ जणींना. म्हणजे दहात साधारण एक. बेजचं सूत्र न वापरता उत्तर हाताशी आलं. या मांडणीला गिगेरेंझर ‘नैसर्गिक वारंवारता’ म्हणतात. त्यांच्या गटाने १६० स्त्रीरोगतज्ज्ञांना हाच प्रश्न चार पर्याय देऊन विचारला, तेव्हा फक्त २१ टक्के डॉक्टरांनी बरोबर पर्याय निवडला. ही मांडणी शिकवल्यावर ८७ टक्क्यांनी.

तिसरा धडा फ्रँक नाइट या अर्थशास्त्रज्ञाच्या १९२१ च्या ग्रंथातून येतो. जोखीम वेगळी आणि अनिश्चितता वेगळी. फाशाच्या सगळ्या बाजू माहीत असतात, तिथे गणित चालतं. नवा धंदा, लग्न, शेअर बाजार इथे सगळ्या शक्यताच माहीत नसतात, तिथे गणिताचा आव आणणं हाच धोका. अशा ठिकाणी साधे ठोकताळे जास्त टिकतात. पुस्तकातला दाखला: हॅरी मार्कोविट्झ यांना गुंतवणुकीच्या गणितासाठी १९९० चं नोबेल मिळालं, पण स्वतःच्या निवृत्तीच्या पैशाची त्यांनी सरळ समान वाटणी केली होती. २००९ मधल्या एका अभ्यासात १४ गुंतागुंतीची प्रारूपं ‘सगळीकडे सारखे पैसे टाका’ या नियमाशी तोलली गेली. सात माहितीसंचांमध्ये मिळून एकही प्रारूप सातत्याने सरस ठरलं नाही. ५० शेअर असतील तर गणिताला साध्या नियमावर मात करायला सुमारे ५०० वर्षांची आकडेवारी लागेल, असं त्यांच्या हिशेबात निघालं.

इथपर्यंत वाचून कुणालाही वाटेल, बस, हेच तर हवं होतं.

आता तपासणी

चांगल्या पुस्तकावर शंका घेणं हे वाईट पुस्तकावर घेण्यापेक्षा अवघड असतं, पण सराव तिथेच होतो. दोन दावे घेऊ.

पहिला, नैसर्गिक वारंवारतेचा. २०१७ मध्ये ‘सायकॉलॉजिकल बुलेटिन’मध्ये या विषयावरच्या ३५ निबंधांचं एकत्रित विश्लेषण आलं. टक्केवारीत प्रश्न विचारला तर सुमारे ४ टक्के लोक बरोबर उत्तर देतात. नैसर्गिक वारंवारतेत विचारला तर सुमारे २४ टक्के. परिणाम खरा आहे, मोठाही आहे. पण उलट बाजूने वाचा: आकडा स्वच्छ मांडूनही चारांतले तीन जण चुकतात. मग ते डॉक्टरांचे ८७ टक्के कुठून आले? तिथे उत्तरं पर्यायांतून निवडायची होती, डॉक्टरांना आधी शिकवलं होतं, आणि मोजणी शिकवणीला लागूनच झाली. इथे बहुतेक अभ्यासांत लोकांना काही न शिकवता फक्त मांडणी बदलली होती. दोन्ही आकडे खरे, पण ते वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. ‘मांडणी बदलली की लोकांना समजतं’ आणि ‘मांडणी शिकवली की लोकांना समजतं’ या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पुस्तक वाचताना तो फरक नजरेतून निसटतो.

दुसरा दावा ११ सप्टेंबर २००१ नंतरचा. हल्ल्यांनंतर अमेरिकेत लोक विमानं टाळून गाडीने प्रवास करू लागले, आणि पुढच्या बारा महिन्यांत रस्त्यांवर सुमारे १,५०० माणसं जास्त मेली, असं गिगेरेंझर यांचं विश्लेषण सांगतं. कल्पना चटकन पटते: आपण एकाच वेळी अनेक जण मरण्याला घाबरतो आणि एकेक करून मरत राहतो. पण याच्या आजूबाजूचं साहित्यही बघायला हवं. मार्च २००४ मध्ये माद्रिदच्या रेल्वेगाड्यांत स्फोट झाले. स्पेनमध्ये लोकांनी रेल्वे काही काळ टाळली, पण रस्त्यावरची रहदारी आणि मृत्यू वाढले नाहीत, असं २००५ मधल्या अभ्यासात आढळलं. २००९ मध्ये आणखी एका गटाने अमेरिकेचीच आकडेवारी प्रांतवार पाहिली. त्यांच्या मते वाढ ईशान्य भागात, म्हणजे हल्ल्यांच्या जवळ दिसते आणि तिचं कारण जास्त प्रवास हे नसून ताणाखाली केलेलं वाईट ड्रायव्हिंग हे असावं. एकच आकडा, पण कारणांच्या दोन कहाण्या. ‘भीतीमुळे लोकांनी चुकीचा पर्याय निवडला’ ही कहाणी पुस्तकाच्या मुद्द्याला सोयीची आहे, म्हणून ती जास्त ठामपणे येते. सोयीचा दाखला दिसला की तिथेच जास्त वेळ थांबायचं, हे लक्षात ठेवा. स्वतःच्या प्रबंधात तर नक्कीच.

हे आक्षेप तपशिलाचे झाले. त्यांनी पुस्तक पडत नाही. माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे.

टर्कीला दाणे कोण घालतं?

अनिश्चिततेबद्दल सांगताना गिगेरेंझर टर्की पक्ष्याची गोष्ट सांगतात. ही नसीम तालेब यांच्यामुळे प्रसिद्ध झाली, आणि तिची मूळ कोंबडी बर्ट्रांड रसेल यांच्या १९१२ च्या पुस्तकात सापडते. टर्कीला शेतकरी रोज दाणे घालतो. पहिल्या दिवशी ती घाबरते, की हा मला मारणार तर नाही? रोज दाणे मिळतात तशी भीती कमी होते. संभाव्यतेच्या नियमाने हिशेब केला तर शंभराव्या दिवशी ‘उद्याही दाणे मिळतील’ याची शक्यता जवळजवळ ९९ टक्के येते. तिचा विश्वास सर्वांत पक्का असतो तो थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी. त्याच दिवशी तिची मान कापली जाते.

गिगेरेंझर यातून धडा काढतात की टर्कीने अनिश्चिततेला मोजता येणारी जोखीम समजण्याची चूक केली. २००८ च्या आर्थिक संकटाआधी बँकांच्या गणितांनी हेच केलं, असं ते म्हणतात. बरोबर आहे. पण गोष्टीत एक पात्र आहे ज्याच्याकडे पुस्तक पुरेसं बघत नाही: शेतकरी. टर्कीसाठी तो दिवस अनिश्चित होता. शेतकऱ्याला तारीख माहीत होती, आणि दाणे त्याच हिशेबाने चालले होते. टर्कीला नाइटचा ग्रंथ पाठ असता तरी पिंजऱ्याचं दार उघडलं नसतं. तिला उपयोगी पडला असता तो प्रश्न संभाव्यतेचा नव्हताच. तो होता, ‘हा मला खायला का घालतोय?’

पाऊस तुमच्याविरुद्ध बेत आखत नाही. कर्करोगाला तुमच्याकडून कमिशन मिळत नाही. पण धंद्यातली, पैशातली, नोकरीच्या करारातली जोखीम पुष्कळदा कुणीतरी बनवलेली, विकलेली किंवा आपल्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर ढकललेली असते. गिगेरेंझर यांना हितसंबंध दिसत नाहीत असं मी म्हणत नाही. बँकांवर त्यांचं एक प्रकरण आहे, आणि डॉक्टर स्वतःच्या बचावासाठी नको त्या तपासण्या कशा लावतात हे त्यांनी उत्तम लिहिलंय. अडचण उपायाची आहे. निदान करताना ते व्यवस्थेकडे बोट दाखवतात, पण औषध मात्र बहुतेक वेळा एकट्या माणसाला देतात: शिका, प्रश्न विचारा, न समजणारी गोष्ट विकत घेऊ नका.

हे औषध कितपत लागू पडतं, हे बघायला आपल्याकडे एक मोठं उदाहरण आहे.

‘दहांतले नऊ’: सेबीची पाटी

जानेवारी २०२३ मध्ये सेबीने शेअर बाजारातल्या फ्युचर्स आणि ऑप्शन्स, म्हणजे एफ अँड ओ व्यवहारांवर एक अभ्यास जाहीर केला. २०२१-२२ या आर्थिक वर्षात ८९ टक्के व्यक्तिगत ट्रेडर तोट्यात होते. त्यानंतर सेबीने आदेश काढला, आणि १ जुलै २०२३ पासून प्रत्येक ब्रोकरला ग्राहकाने लॉगिन केल्यावर इशारा दाखवणं बंधनकारक झालं: एफ अँड ओमध्ये दहांतल्या नऊ व्यक्तिगत ट्रेडरना निव्वळ तोटा झाला. ग्राहकाने ते वाचल्याची कबुली दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

बघा, ही अगदी गिगेरेंझर यांना हवी तशी पाटी आहे. टक्के नाहीत, सापेक्ष वाढ नाही. दहा माणसं, त्यांतली नऊ. कुणाचे दहा, हेही स्पष्ट. भाषा चौथीच्या मुलाला समजेल अशी.

मग झालं काय? सेबीचा पुढचा अभ्यास सप्टेंबर २०२४ मध्ये आला. २०२१-२२ मध्ये सुमारे ५१ लाख व्यक्तिगत ट्रेडर होते. २०२३-२४ मध्ये ते सुमारे ९६ लाख झाले. त्या तीन वर्षांत मिळून एक कोटीहून जास्त लोकांनी हे व्यवहार केले आणि त्यांतले ९३ टक्के तोट्यात गेले. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर. सलग दोन वर्षं तोटा होऊनही पाऊण हिश्श्याहून जास्त लोक खेळत राहिले. तीस वर्षांखालच्या ट्रेडरांचा वाटा एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेला. म्हणजे तुमच्या-माझ्या वयाचे.

घाईने ‘पाटीचा उपयोग झाला नाही’ असं म्हणू नका. पाटी जुलै २०२३ मध्ये लागली, त्यामुळे वाढीतला बराच भाग तिच्या आधीचा आहे. पाटी नसती तर किती लोक आले असते, हे आपल्याला दिसत नाही. तेव्हा निष्कर्ष एवढाच निघतो: समजायला अगदी सोपा आकडा प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर असूनही लाट ओसरली नाही. यापेक्षा जास्त दावा ही आकडेवारी पेलत नाही.

पण ‘का ओसरली नाही’ याची काही कारणं त्याच अहवालात सापडतात. एफ अँड ओमध्ये खर्च वगळता एकाचा फायदा हा दुसऱ्याचा तोटा असतो. २०२३-२४ मध्ये व्यक्तिगत आणि इतर किरकोळ ट्रेडरांनी खर्च धरण्याआधीच ६१,००० कोटींहून जास्त गमावले. त्याच वर्षी स्वतःच्या भांडवलावर ट्रेडिंग करणाऱ्या कंपन्यांनी सुमारे ३३,००० कोटी आणि परदेशी गुंतवणूकदार संस्थांनी सुमारे २८,००० कोटी कमावले. या दोघांचा ९५ टक्क्यांहून जास्त नफा संगणकाच्या अल्गोरिदमने केलेल्या व्यवहारांतून आला. म्हणजे मोबाइलवर ऑप्शन घेणाऱ्या मुलासमोर ‘बाजार’ नावाचं काही हवामान नव्हतं. समोर यंत्रं होती, आणि त्यांना तारीख माहीत असण्याची शक्यता त्याच्यापेक्षा खूपच जास्त होती.

तीन वर्षांत लोकांनी व्यवहारखर्चापोटी सुमारे ५०,००० कोटी रुपये भरले, त्यातला निम्मा हिस्सा ब्रोकरेजचा. आता पाटी दाखवतो कोण, ते आठवा. ब्रोकर. ग्राहकाने पाटी मनावर घेतली तर त्याचं उत्पन्न बुडतं. ग्राहकाने ‘वाचलं’ वर बोट टेकवून पुढे सरकलं तर चालू राहतं. इशारा प्रामाणिक आहे, पण ज्याच्या हातून तो दिला जातो त्याला तो ऐकला जाऊ नये यातच फायदा आहे. ‘रिस्क सॅव्ही’च्या चौकटीत या गोष्टीला ठसठशीत जागा नाही.

किती वेळा आणि किती मोठं

याच आकडेवारीतून दुसरी त्रुटी दिसते. गिगेरेंझर यांची बहुतेक उदाहरणं वैद्यकीय आहेत. तिथे निकाल हो किंवा नाही असा असतो: गाठ झाली की नाही, कर्करोग आहे की नाही. ‘हजारात किती’ हे कळलं की बरंचसं कळलं. पैशाच्या जोखमीत ‘किती जणांना’ याबरोबर ‘केवढा’ हाही प्रश्न असतो.

सेबीच्या अहवालात तोट्यात गेलेल्याचा तीन वर्षांचा सरासरी तोटा सुमारे २ लाख रुपये आहे. जे.आर.एफ. दरमहा ३७,००० धरली तर ही पाच महिन्यांहून अधिकची फेलोशिप झाली. पण सरासरीवर थांबू नका. त्याच अहवालात म्हटलंय की तोट्यात गेलेल्यांपैकी सर्वांत वरच्या ३.५ टक्क्यांचा, म्हणजे सुमारे ४ लाख लोकांचा सरासरी तोटा २८ लाख होता. गुणाकार करा: ४ लाख गुणिले २८ लाख, म्हणजे सुमारे १.१२ लाख कोटी. तोट्यात गेलेल्या सगळ्यांच्या एकूण तोट्यातला निम्म्याहून जास्त भाग या मूठभरांचा. उरलेल्या कोटभर लोकांची सरासरी एक लाखाच्या आसपास येते. म्हणजे ‘दोन लाख’ हा आकडा बहुतेकांना लागू पडत नाही. बहुतेकांचा तोटा त्याहून कमी आहे, आणि काहींचं घर बसलंय.

‘दहांतले नऊ’ ही पाटी या बाबतीत मुकी आहे. नऊ जणांपैकी एकाने ५,००० घालवले आणि एकाने बापाची जमीन, तरी पाटीवर दोघं सारखेच.

आपल्या भाषेत हा भेद आधीपासून आहे, हे मला फार आवडतं. दागिने घालून निघालेल्या बाईला घरचे म्हणतात, ‘अंगावर जोखीम आहे, जपून जा.’ तिथे जोखीम म्हणजे धोका नव्हे, ती मौल्यवान वस्तूच. चोर भेटण्याची शक्यता किती, हा प्रश्न नंतरचा. आधी अंगावर काय आहे ते बघायचं. जोखमीचं कुठलंही शिक्षण इथून सुरू व्हायला हवं.

मग शिक्षण फुकट का?

नाही. असा अर्थ काढलात तर तुम्ही दुसऱ्या टोकाला गेलात. २०२३ च्या अभ्यासाशिवाय हा प्रश्न सार्वजनिक चर्चेत आलाच नसता. आकडा स्वच्छ मांडण्याचा पहिला फायदा ट्रेडरला झाला नसेल, पण नियम करणाऱ्यांना, पत्रकारांना आणि घरच्यांना झाला.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सेबीने नियम बदलले. कराराचं किमान मूल्य ५ ते १० लाखांवरून १५ लाखांवर नेलं, आणि दर आठवड्याला संपणारे करार प्रत्येक एक्स्चेंजला एकाच निर्देशांकापुरते ठेवले. जुलै २०२५ च्या सेबीच्या अभ्यासानुसार डिसेंबर २०२४ ते मे २०२५ या काळात व्यक्तिगत ट्रेडरांची संख्या आधीच्या वर्षीच्या त्याच काळाच्या तुलनेत सुमारे २० टक्क्यांनी घटली. हे नियमांमुळेच झालं का? सावकाश. त्याच सुमारास व्यवहारावरचा कर वाढला होता आणि सप्टेंबर २०२४ नंतर बाजारही उतरला होता. कुणाचा वाटा किती, हे या एका तुलनेतून वेगळं काढता येत नाही. आणि जे उरले त्यांचं काय? २०२४-२५ मध्येही सुमारे ९१ टक्के तोट्यातच राहिले, आणि एकूण तोटा वाढून एक लाख कोटींच्या वर गेला.

म्हणून ‘शिकवा की ढकला’ हा गिगेरेंझर आणि थेलर यांच्यातला वाद मला अपुरा वाटतो. दोघांचं लक्ष निर्णय घेणाऱ्या माणसाच्या डोक्यावर आहे. तिसरा प्रश्न त्या माणसासमोर ठेवलेल्या टेबलाचा: ते कुणी मांडलं, त्याच्या कडा कुठे आहेत, आणि पडलेलं कुणाच्या झोळीत जातं?

तुमच्यासाठी काम

जोखमीवरचा कुठलाही निबंध, जाहिरात किंवा अहवाल हातात आला की हे चार प्रश्न वहीत लिहा. पहिले दोन गिगेरेंझर यांचे आहेत, पुढचे दोन मी जोडलेत.

१. कशाचे टक्के? कोणत्या गटातले, किती काळातले, सापेक्ष की प्रत्यक्ष?
२. इथे सगळ्या शक्यता माहीत आहेत का, की अनिश्चिततेला गणिताचा सदरा घातलाय?
३. वाईट झालं तर केवढं वाईट? सरासरीच्या मागे वाटप कसं आहे?
४. समोर कोण आहे, आणि माझ्या चुकीतून कुणाला काय मिळतं?

विषय शोधत असाल तर इथे एक तयार पडलाय. इशाऱ्याच्या तीन आवृत्त्या करा: एकीत ‘दहांतले नऊ’, दुसरीत त्याबरोबर तोट्याचं वाटप, तिसरीत शिवाय समोरच्या बाजूला कोण कमावतं ते. लोकांना चिठ्ठ्या टाकून तीन गटांत वाटा, खोट्या पैशांवर व्यवहार करू द्या आणि फक्त ‘समजलं का’ एवढंच मोजू नका. ‘पुढे केलं काय’ तेही मोजा. खोट्या पैशांचे निष्कर्ष खऱ्या पैशांना लागू होतात का, हा प्रश्न परीक्षक तोंडी परीक्षेत विचारणारच. त्याची तयारी आधीपासून ठेवा.

आणि पुस्तक? ग्रंथालयात मिळालं तर आरोग्यावरची दोन प्रकरणं आधी वाचा. ती या विषयावर सामान्य वाचकासाठी लिहिलेल्या सर्वोत्तम पानांपैकी आहेत. पैशावरचं प्रकरण त्यानंतर वाचा, आणि टर्की जिथे जिथे येईल तिथे समासात ‘शेतकरी?’ एवढंच लिहून ठेवा. ग्रंथालयाची प्रत असेल तर पेन्सिलीने, आणि परत करताना खोडून.